गाद्यांच्या गोदामात उद्रेक

धाकटीचा धंदा व्हिडिओ काढायचा. पण व्हिडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे काही चमचमीत येतं, त्यातलं तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. ती कंपन्यांसाठी फिल्म करायची. शिडीवर कसं चढावं, शिडीवरून कसं उतरावं, आग लागली तर घाबरून न जाता जिन्यानं खाली कसं यावं. तिच्या फिल्ममधली माणसं हेल्मेट घालून सतत हसत असत आणि कधीच पडत नसत. अशा या नावाजलेल्या कलावतीला एके दिवशी तिच्या भावोजींचा फोन आला.

"मेहुणीबाई," भावोजी म्हणाले, "इतिहास घडणार आहे. फक्त तो शूट करायला कोणी नाहीये."

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. नोकरी विमा कंपनीत. लोकांचे दावे नामंजूर झाले की तसं त्यांना गोड भाषेत कळवायचं, हे त्यांचं काम. दिवसभर 'आम्हांला अत्यंत खेद होतो' असं लिहून लिहून जो संताप साचत असे, तो मोकळा करण्यासाठी त्यांनी पन्नाशीच्या तोंडावर बँड काढला होता. बँडचं नाव 'उद्रेक'. उद्रेकात एकूण चार जण. गायक आणि गीतकार भावोजी. ड्रमवर दातांचे एक डॉक्टर, ज्यांना आयुष्यभर हलक्या हातानं काम करावं लागलं होतं आणि आता त्याचा सूड घ्यायचा होता. गिटारवर भूगोलाचे मास्तर, जे गिटार गळ्यात अडकवली की घरातसुद्धा काळा चष्मा लावत. आणि बेस गिटारवर एक गृहस्थ, जे बँडमध्ये आल्यापासून कोणाशी धड बोललेले नव्हते. त्यांना सगळे मौनी म्हणत. त्यावरही ते काही बोलले नव्हते. चौघांच्या गुडघ्यांपैकी निम्मे दुखरे होते, त्यामुळे उद्रेक जो काही व्हायचा तो बहुतेक बसूनच.

"किती लोक येणार आहेत?" धाकटीनं विचारलं.

"ते तू कॅमेऱ्यानं ठरवायचं. गर्दी दिसली पाहिजे."

"आणि ताई? ताई येणार आहे?"

पलीकडे भावोजी खाकरले. ताईनं आजवर उद्रेकचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं धोरण जाहीर केलं होतं, "तुझ्या बँडला माझा विरोध नाही. फक्त तो माझ्या घरात नको." म्हणून तालीम डॉक्टरांच्या दवाखान्यात व्हायची. मास्तर पेशंटच्या खुर्चीत आडवे होऊन गिटार वाजवायचे.

"तिला कशाला त्रास," भावोजी म्हणाले. आवाजात जिव्हाळा जरा जास्तच होता. धाकटीला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तिचं सगळं लक्ष गर्दीकडे. गर्दी म्हणजे माणसं, आणि हुकमी माणूस म्हणजे ताई. तिनं ताईला गळ घातली. "नुसती पुढे येऊन बस. तुझ्या नवऱ्याचा पहिला कार्यक्रम आहे, लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का?" ताईनं विचारलं. पण ती कबूल झाली.

कार्यक्रमाची जागा म्हणजे गाद्यांचं गोदाम. गादीवाल्याला मध्यंतरी कुठूनशी कलेची बाधा झाली होती. त्यानं दुकानामागचं अर्धं गोदाम रिकामं केलं, एका भिंतीला काळा रंग दिला आणि पाटी लावली, 'मुक्त रंगमंच'. उरलेल्या अर्ध्यात गाद्या तशाच. खुर्च्या आणायच्या म्हणजे खर्च, म्हणून प्रेक्षकांनाही त्यानं गाद्यांवरच बसवायचं ठरवलं. गाद्या नव्या, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट. रविवारी दुपारी धाकटी कॅमेरे घेऊन पोचली आणि सवयीनं एका गादीवर टेकली, तर असा काही करकराट झाला की तिचं धाबंच दणाणलं.

"हे प्लॅस्टिक काढावं लागेल," ती म्हणाली. "प्रेक्षक जरा जरी हलले तरी रेकॉर्डिंगमध्ये हाच आवाज येईल."

"मॅडम, प्लॅस्टिक काढलं की गादी जुनी झाली," गादीवाला म्हणाला. "तुम्ही प्रेक्षकांना सांगा ना हलू नका म्हणून."

"रॉकचा कार्यक्रम आहे हा."

"मग काय झालं? मनातल्या मनात हलतील."

धाकटीनं हात टेकले. एक कॅमेरा तिनं कोपऱ्यात तिवईवर लावला, निम्मं स्टेज आणि दारापर्यंतचे निम्मे प्रेक्षक दिसतील असा. दुसरा हातात घेतला. भावोजी तिच्या मागे मागे फिरत सूचना देत होते. त्यांनी काळं जाकीट घातलं होतं. चेन पोटापाशी येऊन थांबली होती आणि वर जाण्याची तिची काही इच्छा दिसत नव्हती. "डावीकडून घे," ते म्हणाले. "उजवीकडून मी वडिलांसारखा दिसतो." डॉक्टर येऊन म्हणाले, माझे हात दिसू देत. मास्तर म्हणाले, सोलो चालू असताना कॅमेरा कोणाकडेही वळवू नका, अगदी आग लागली तरी. आग लागल्यावर काय करायचं हे धाकटीला व्यवस्थित ठाऊक होतं, पण तिनं नुसती मान डोलावली.

प्रेक्षक मात्र खरंच आले. त्यातले निम्मे डॉक्टरांचे पेशंट. डॉक्टरांनी आमंत्रण प्रत्येकाला खुर्चीत, तोंड उघडं असताना दिलं होतं, त्यामुळे नाही म्हणणं कोणालाच जमलं नव्हतं. उरलेल्यांत मास्तरांचे सहकारी, काही शेजारी आणि दाढी राखलेले दोनतीन तरुण, जे अशा ठिकाणी आपोआप येतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात. गाद्या इतक्या मऊ, की एकदा बसलेल्या माणसाला उठणं मुश्किल. एखाद्या बँडला याहून निष्ठावंत श्रोते मिळणं अवघड. ताई अगदी पुढच्या गादीवर, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी बसली.

भावोजींना ती स्टेजवर चढल्यावर दिसली. धाकटीच्या हातातला कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरच होता, तोही डावीकडून. चेहऱ्यावरचं रक्त खाली उतरताना तिला स्वच्छ दिसलं. तिला वाटलं, घाबरले असतील बिचारे.

मास्तरांनी माइक हातात घेतला. प्रत्येक गाण्याचा अर्थ आधी समजावून सांगायचा ही त्यांची खोड, वर्गातून आलेली. "पहिलं गाणं आपल्या काळावरचं भाष्य आहे," ते म्हणाले. "यातला दिवा म्हणजे सत्ता." डॉक्टरांनी चार टोले हाणले, आणि भावोजी गरजले:

दिवा बंद कर! दिवा बंद कर!
त्या खोलीत कोणी नाही,
कोणासाठी जाळतोस?
दिवा बंद कर!

दाढीवाल्यांपैकी एकानं डोळे मिटून मान डोलावली. धाकटी कॅमेरा हळूहळू प्रेक्षकांवरून फिरवत ताईपाशी आली आणि थबकली. ताईच्या कपाळावर आठी होती. आणि मग धाकटीच्याही डोक्यात काहीतरी टणकन वाजलं. हे वाक्य तिनं ऐकलं होतं. कैकदा. ताईशी फोनवर बोलताना मध्येच ताई फोन बाजूला धरून ओरडायची, तेच हे. अगदी त्याच पट्टीत. यातला दिवा म्हणजे सत्ता वगैरे काही नव्हती. तो ताईच्या घरातल्या मागच्या खोलीतला दिवा होता.

दुसऱ्या गाण्याचं नाव 'सांगून उपयोग काय'.

टॉवेल ओला, गादी ओली,
सांगून उपयोग काय?
काल सांगितलं, परवा सांगितलं,
सांगून उपयोग काय?

"ओला टॉवेल म्हणजे कष्टकऱ्यांचा घाम," मास्तरांनी आधीच खुलासा केला होता. ओल्या गादीचा उल्लेख आल्यावर दाराशी उभा असलेला गादीवाला मात्र अस्वस्थ झाला आणि जवळच्या दोन गाद्या चाचपून आला. टाळ्या पडल्या. एक पेशंट शेजारणीला म्हणाली, "किती खोल लिहितात हो!" ताईनं पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळायला घेतला होता. तो आता इतका करकचून बसला होता की बोट पांढरं पडलं होतं.

तिसरं गाणं भावोजींनी डोळे मिटून सुरू केलं. कदाचित डोळे मिटले की समोरची माणसं नाहीशी होतात असा त्यांचा समज असावा. विमा कंपनीत तो उपयोगी पडत असेल.

ठेवलंय झाकून, घे गरम करून,
माझी वाट बघू नकोस!
मी येईन, नाही येईन,
माझी वाट बघू नकोस!

"असं मी कधी म्हणाले?"

आवाज पुढच्या गादीवरून आला. माइक नसतानाही तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ताईचा आवाज तसा आहेच. भावोजींनी डोळे उघडले. मास्तरांची बोटं तारांवरच थांबली. डॉक्टरांना मात्र ड्रमच्या दणदणाटात काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे ते वाजवत राहिले आणि गाणं चालूच राहिलं.

ताई उठायला लागली. पहिल्या झटक्यात जमलं नाही, गादीनं परत आत ओढली. दुसऱ्या झटक्यात ती उभी राहिली. "मी म्हणाले होते, 'माझी वाट बघत बसू नकोस, जेवून घे.' त्यातलं जेवून घे कुठे गेलं?"

"अगं," भावोजी माइकमध्येच म्हणाले, "ते चालीत बसत नव्हतं."

"मग चाल बदलायची! हे असं ऐकलं तर लोकांना वाटेल मी तुला टाकून चाललेय. मी ऑफिसच्या ऑडिटला थांबले होते. तुला उपाशी राहू नको म्हणून सांगितलं, आणि तू त्याचं हे केलंस?"

"हे रूपक आहे, वहिनी," मास्तर चष्म्याआडून म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तो घाम नाहीये. तो टॉवेल आहे. आमचा."

सगळ्या गोदामात हशा उसळला. गाद्यांचा असा करकराट झाला की धाकटीच्या कानातल्या हेडफोनमध्ये जणू वीजच पडली. तिला सक्त ताकीद होती, कॅमेरा गायकावर, डावीकडून. पण तिचे हात आपोआप वळले. शिडीच्या फिल्मा करताना तिनं वर्षानुवर्षं मनातल्या मनात एकच प्रार्थना केली होती, की एकदा तरी कोणीतरी पडावं. आज ते घडत होतं आणि ते हुकवायची तिची तयारी नव्हती.

प्रेक्षकांना वाटलं, हे सगळं ठरवून बसवलेलं आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "जेवून घे!" डॉक्टर ठोकत होते, मौनी त्यांच्याबरोबर आपलं गुमान वाजवत होते, आणि त्या ठेक्यावर 'जेवून घे' जे काही चपखल बसलं ते पाहून चाल आणि शब्द यांच्याबद्दलचा भावोजींचा सगळा दावाच नामंजूर झाला. दाढीवाले मुठी उंचावून ओरडायला लागले. दातांचे पेशंट ओरडायला लागले. आख्खं गोदाम एका सुरात म्हणत होतं, "जेवून घे! जेवून घे!" आणि स्टेजवर उद्रेकचा संस्थापक घामाघूम होऊन उभा होता, आणि त्या घामाला कसलाही सामाजिक आशय नव्हता.

गोंगाट ओसरला तेव्हा एकच गाणं उरलं होतं. भावोजींनी मास्तरांकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. "हे नको घेऊया," ते हळूच म्हणाले. पण माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच हळूच ऐकू गेलं, आणि 'घ्या, घ्या' सुरू झालं. मास्तरांनी या गाण्याचा अर्थ सांगितला नाही. त्यांना तो सापडला नव्हता म्हणे.

बोलू नकोस काही, नुसता बस.
हात धर, नाहीतर नको धरूस,
पण उठून जाऊ नकोस,
नुसता बस.

भावोजींचा आवाज फाटका. वरच्या सुरांना तो जेमतेम पोचतो आणि पोचला की परत यायला घाबरतो. पण या गाण्यात वरचे सूरच नव्हते. ते नुसतं बोलल्यासारखं म्हणत होते. ताईनं दुसरी ओळ होईपर्यंत ऐकलं, पर्स उचलली आणि ती दाराकडे चालू लागली. कॅमेरा घेऊन बहिणीच्या मागे धावायचं की तो तिच्या नवऱ्यावर ठेवायचा? धाकटीनं तो भावोजींवर ठेवला. निदान एक तरी सूचना पाळल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपला. टाळ्या दणदणीत पडल्या, जागा सोडून मात्र कोणीच उठलं नाही. गाद्यांमुळे.

त्यानंतर ताईनं जे केलं ते भांडणापेक्षा वाईट होतं. ती बोलेनाशी झाली. रुसवा नव्हता, आदळआपट नव्हती, जेवणखाण वेळेवर. पण तोंडातून शब्द नाही. आठवडा उलटला तेव्हा भावोजी रडकुंडीला येऊन धाकटीच्या खोलीवर आले. ती तेव्हा एडिटला बसली होती. तिथे येणारे ते काही पहिले नव्हते. आधी डॉक्टर येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं, फिल्ममध्ये हात आहेत पण हातांमागचा माणूस दिसत नाही. मास्तरांना सोलो पूर्ण हवा होता, शिवाय त्या बाईंनी टॉवेलचा जो अर्थ सांगितला तो काढून टाकायला हवा होता, त्यानं गाण्याची उंची कमी होते. मौनीसुद्धा आले होते. चहा प्याले, पडद्याकडे बघत राहिले, आणि निघताना त्यांनी त्या वर्षातलं बहुधा पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "माझी एक तार तुटलेली दिसते," ते म्हणाले, "ती राहू द्या."

भावोजींची मागणी सगळ्यात साधी होती. ताई काढून टाक.

"सगळी?"

"सगळी. मी कसा गाढवासारखा उभा आहे बघ ना." ते खुर्चीत कोसळले. "अगं, ती बोलतच नाही. विचारलं तर 'हं' म्हणते. 'हं'वर मी काय गाणं करू?"

"म्हणजे भावोजी, तिच्या गप्प बसण्याचं दुःख तुम्हाला नवऱ्याचं होतंय की गीतकाराचं?"

भावोजी ओशाळले. मग पडद्याकडे बघत बोलू लागले. "तिला वाटतं मी काही ऐकत नाही. ती सांगते, मी नुसती मान हलवतो, हे खरंच आहे. दिवा बंद करायचा राहतो तो राहतोच. पण वाक्य राहून जातं ना डोक्यात. दिवसभर मी लोकांना ज्या भाषेत लिहितो, त्यात एक शब्द खरा नसतो. घरी आलो की ती जे बोलते ते सगळं खरं. टॉवेल ओला म्हणजे ओलाच. मला आपलं ते आवडतं."

"हे तिला कधी सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण मग तिनं विचारलं असतं, एवढं आवडतं तर टॉवेल का नाही उचलत?"

धाकटीनं तिवईवरच्या कॅमेऱ्याची फाइल उघडली. ती तिनं आदल्या दिवशीच पहिल्यांदा धड बघितली होती आणि तेव्हापासून ती नीट जेवलीही नव्हती. शेवटचं गाणं. ताई उठते, पर्स घेते, दाराकडे जाते. पण दारातून बाहेर पडत नाही. भिंतीला लावलेल्या गाद्यांच्या चवडीला टेकून ती उभी राहते. तिथे दारातून येणारा अंधूक उजेड आहे, पण चवडीमुळे ती स्टेजवरून दिसण्यासारखी नाही. ओठ हलतात. गाण्याच्या बरोबर नाही, गाण्याच्या जरा आधी. गाणं संपतं तेव्हा तिनं गादीच्या प्लॅस्टिकवर कपाळ टेकलेलं असतं.

"हे कधीचं वाक्य आहे, भावोजी?" धाकटीनं विचारलं. "हे मी तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही."

"अण्णांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हाचं," भावोजी म्हणाले. "तू आईंना आणायला गेली होतीस. आम्ही दोघंच बाकावर होतो. मी सारखं काही ना काही बोलत होतो, डॉक्टर चांगले आहेत, सगळं ठीक होईल, आमच्या कंपनीचे आकडे असं सांगतात वगैरे. तेव्हा ती म्हणाली."

अण्णा, म्हणजे दोघी बहिणींचे वडील, त्या ऑपरेशनमधून परत आले नव्हते. धाकटीनं पडद्यावरचं चित्र तिथेच थांबवलं. मग भावोजींनी नाक पुसलं. "हे फिल्ममध्ये नको घालूस," ते म्हणाले. "बाकी काय ते घाल. माझं गाढव झालेलंही घाल. हे नको."

ताईला यायला आणखी दोन दिवस लागले. ती आली ती तावातावानं, दारातूनच विचारत, "त्यानं मला काढायला सांगितलं ना? काढूच नकोस. ठेवायचं तर सगळं ठेव, नाहीतर सगळंच काढ." आठवड्यानंतर ती पहिल्यांदाच इतके शब्द एका दमात बोलली होती. धाकटीनं तेच दृश्य लावलं.

ताईनं ते बघितलं. परत लाव म्हणाली. परत बघितलं.

"तो पंखा किती घाण आहे मागचा," ती म्हणाली.

"ताई."

"काय ताई? दिसतंय ते सांगतेय." मग तिनं पदर नसतानाही तो सारखा केल्यासारखा हात खांद्यावरून फिरवला. "मी 'नको धरूस' म्हणाले नव्हते."

"अं?"

"हात धर, नाहीतर नको धरूस. असं म्हणाले नव्हते मी. 'हात धर' एवढंच म्हणाले होते. आणि त्यानं धरला नाही. हे पुढचं त्यानं स्वतः घातलंय." ती पडद्याकडे बघत होती. "मला वाटायचं त्याला ऐकूच आलं नाही. इतकी वर्षं वाटत होतं. त्या बाकावर माझ्या शेजारी बसून हा माणूस कंपनीचे आकडे मोजतोय, असंच वाटत होतं."

धाकटीला वाटलं, आता ताई रडणार. पण ताई रडली नाही. ती उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, "घरी आहे का ग तो आत्ता?"

घरी काय झालं हे धाकटीला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भावोजींचा फोन आला तेव्हा मागून ताईचा आवाज येत होता, की ओला टॉवेल आता तुझ्या त्या दवाखान्यात नेऊन वाळत घाल. भावोजी इतके खूश होते, की त्यांनी फोन कशाला केला होता तेच ते विसरले.

फिल्म लोकांपर्यंत गेली. गाढव झालेले भावोजी, टॉवेलचा खरा अर्थ, तुटलेली तार, सगळं त्यात होतं. गाद्यांच्या चवडीला टेकलेली ताई तेवढी नव्हती. जग काही उलटंपालटं झालं नाही. गावातल्या बऱ्याच लोकांनी बघितली, एकमेकांना पाठवली, आणि नवऱ्यांना जेवायला बोलावण्याची एक नवी पद्धत काही घरांत सुरू झाली म्हणतात. सगळ्यात जास्त फायदा गादीवाल्याला झाला. 'ज्या गादीवरून उठवत नाही ती हीच' अशी जाहिरात त्यानं दुकानावर लावली आणि उद्रेकला पुन्हा बोलावलं. अट एकच, वहिनी पाहिजेत.

"मी काही स्टेजवर येणार नाही," ताईनं कळवलं. "मी माझ्या जागेवर बसेन." तालमींना मात्र ती जायला लागली. पहिल्याच तालमीत तिनं डॉक्टरांना सांगितलं, शेवटच्या गाण्यात तुम्ही वाजवायचं नाही. अजिबात नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं. डॉक्टर म्हणाले, बरं. नंतर त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, त्या गाण्यात मग माझे हात दिसणार की नाही?

दुसऱ्या कार्यक्रमाला गोदाम खचाखच भरलं. गादीवाल्यानं प्लॅस्टिक तसंच ठेवलं होतं, पण आता धाकटीनंही डोकेफोड केली नाही. 'जेवून घे' सुरू झालं तेव्हा कोणालाच काही सांगावं लागलं नाही, लोक तेच ऐकायला आले होते. ते इतके रंगात आले की गाणं संपलं तरी थांबेनात. भावोजींनी हात वर केले, मास्तरांनी वर्गातला आवाज काढला, काही उपयोग नाही. शेवटचं गाणं सुरू झालं ते त्या आरड्याओरड्यातच. 'बोलू नकोस काही' कोणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मागून कोणीतरी त्याच्यावरही ओरडलं, "जेवून घे!"

ताई उठली. या वेळी एका झटक्यात. वळून तिनं सगळ्या गोदामाकडे तोंड केलं.

"झालं ना जेवून?" ती म्हणाली. "आता गप्प बसा. हे ऐका."

भूगोलाच्या मास्तरांना वीस वर्षांत जी शांतता मिळाली नव्हती ती तत्काळ पसरली. एकही गादी करकरली नाही. ताई खाली बसली. भावोजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या ओळीला ते 'हात धर' एवढंच म्हणाले आणि थांबले. पुढचे शब्द गाळल्यामुळे तिथे मोठी मोकळी जागा पडली होती. चालीत ती अजिबात बसत नव्हती. भावोजींनी ती भरायचा प्रयत्न केला नाही. ते पुढच्या गादीकडे बघत होते, आणि ताई त्यांच्याकडे. धाकटीनं फोकस धरून ठेवला.

आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत डॉक्टरांनी, राहवलं नाही म्हणून, झांज हाणली.